एका वसतिगृहातल्या दोन चोऱ्या आणि ‘रक्तातच आहे’ हे उत्तर

चोरी झाली होती आणि ती त्याच मुलाने केली होती. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण अशी प्रकरणं लिहिताना बहुतेक वेळा शेवटी पोरगं निर्दोष निघतं, वाचणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. निर्दोष मुलाची बाजू कुणीही घेईल. इथे मुलाने पैसे घेतले आणि घेतल्याचं कबूलही केलं. तरीसुद्धा त्याच्याबद्दल जे बोललं गेलं ते चूक होतं, असं मला ठामपणे वाटतं, आणि ते का हे नीट मांडण्यासाठी हे लिहितो आहे.

ठिकाण धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातलं. एक शाळा आणि तिला जोडून मुलांचं वसतिगृह. राहणारी बहुतेक मुलं ऊसतोड मजुरांची आणि कोरडवाहू शेतकऱ्यांची. काही गायरानावरच्या पारधी वस्तीतली. घरी अभ्यास करत नाहीत म्हणून ठेवलेली बागायतदारांची तीन-चार मुलंही असतात. मी आठवीचा वर्गशिक्षक. नावं कुणाचीच देत नाही. ज्याच्याबद्दल हे प्रकरण आहे त्याचा धाकटा भाऊही याच वसतिगृहात सहावीला होता, म्हणून याला थोरला म्हणू. दोघे फासेपारधी समाजातले.

काय घडलं

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका मुलाच्या पेटीतून नऊशे रुपये गेले. ते पैसे त्याच्या चष्म्याचे होते. आई-बापाने मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून काढून दिलेले. त्या लेकराला फळ्यावरचं दिसत नव्हतं, ते पहिल्या बाकावर बसूनही शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घ्यायचं. त्याचं नुकसान या सगळ्या चर्चेत कुणी विसरू नये, म्हणून आधी लिहितो.

दोन दिवसांनी कामाठीला थोरल्याच्या वळकटीत नवे कोरे पळायचे बूट सापडले. आधी तो म्हणाला, मामाने दिले. मी त्याला वर्गाबाहेर लिंबाखाली नेऊन बसवलं.

“कामून घेतलेस रे?”

बराच वेळ तो नखाने माती उकरत राहिला. मग म्हणाला, “अनवाणी पळलं की खडी रुतती, सर. तालुक्याला समदे बूट घालून येतेत.”

“मागायचेस की.”

“कोणाला मागू?”

साडेआठशेचे बूट आणि पन्नास रुपयांची भेळ. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात नऊशे रुपये आले तर ते कशावर जातील याचा अंदाज कुणालाही करता येईल, आणि ते अगदी तसेच गेले.

आता दुसरी चोरी. त्याच वर्षी जुलैत अधीक्षकांच्या टेबलाच्या खणातून भाजीपाल्याचे बावीसशे रुपये गेले होते. घेणारा नववीतला, एका बागायतदाराचा मुलगा. मोबाइलवरचा गेम आणि येरमाळ्याजवळ हायवेच्या ढाब्यावरची दोन जेवणं, यात ते पैसे संपले. वडिलांना फोन गेला, ते जीप घेऊन आले, पैसे भरले, चहा झाला. “वय आहे. या वयात पोरं करतेत काही बी,” असं म्हणून विषय मिटला. रजिस्टरला एक ओळसुद्धा पडली नाही.

रक्कम मोठी होती, खण शाळेचा होता आणि खर्च निव्वळ चैनीचा होता. थोरल्याचं कृत्य यातल्या कुठल्याच बाबतीत याहून वाईट नव्हतं. एका बाबतीत मात्र होतं: त्याने गरिबाच्या लेकराचे डोळे घेतले होते. पण हा मुद्दा स्टाफरूममध्ये कुणीच काढला नाही. तिथे बोलणं भलत्याच दिशेला गेलं.

स्टाफरूममधली दोन मतं

एक ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, “खाण तशी माती. तुम्ही किती बी शिकवा, सर, ते रक्तात असतंय.” गुरुजी मनाने वाईट नाहीत. स्वतःच्या पगारातून मुलांना वह्या देणारे आहेत. त्यांना ते खरंच तसं वाटतं.

एक तरुण सहकारी त्यांच्यावर उसळले. रक्तबिक्त काही नसतं, ही जुनाट समजूत आहे, म्हणाले. मग स्वतःचं मत मांडलं: “त्यांची संस्कृतीच तशी आहे. लहानपणापासून तेच बघतात. त्यांच्यात चोरीला चोरी मानतच नाहीत. या पोरांना वस्तीपासून तोडलं तरच काही होईल.”

दोघांची चांगली जुंपली. मी ऐकत होतो आणि माझ्या लक्षात येत होतं की हे भांडण वरवरचं आहे. एकाने कारण रक्तात ठेवलं, दुसऱ्याने वस्तीत. पण या मुलाने बूट का घेतले, हे या मुलाकडे न बघताच आपल्याला कळतं, यावर दोघांचं एकमत होतं. उद्या हा काय करील हेही कळतं, यावरही एकमत होतं. आणि जुलैतल्या त्या नववीच्या मुलाचं रक्त किंवा त्याच्या घराण्याची संस्कृती तपासावी, असं दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं. त्याच्यासाठी वय पुरेसं होतं.

माणूस जन्मतःच जसा असतो तसा असतो, की भोवतालचं वळण त्याला घडवतं, हा वाद फार जुना आहे. इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७४ मध्ये निसर्ग आणि संगोपन अशी जोडी समोरासमोर उभी केली, तेव्हापासून विद्यापीठांत तो त्याच शब्दांत चालू आहे. आपल्या गावात तो म्हणींतून चालतो. मला या प्रकरणात जे दिसलं ते असं की दोन्ही बाजूंचं उत्तर ठराविक माणसांवरच लावलं जातं. बाकीच्यांना आपण माणूस म्हणून, त्यांच्या वयासकट आणि हट्टासकट समजून घेतो.

पळणं

ऑगस्टमध्ये शाळेच्या निवड चाचणीत थोरला चौदा वर्षांखालच्या सहाशे मीटरला पहिला आला होता. दुसऱ्या मुलाला त्याने एवढं मागे टाकलं की मैदानावर सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. तेव्हा हेच गुरुजी कौतुकाने म्हणाले होते, “पारध्याचं लेकरू हाय, पळणारच. हरणामागं पळणारी जात ती.”

त्या वाक्याला कुणी हरकत घेतली नाही. खुद्द थोरलाही हसला. स्तुतीच होती ती. पण चोरीनंतर ऐकलेलं वाक्य आणि हे वाक्य एकाच घडणीचं आहे. जन्माचं उत्तर आपल्या मनात शिरतं ते बहुतेकदा असं कौतुकाच्या दाराने. ब्राह्मणाचं पोर हुशार असणारच, मारवाड्याचं पोर हिशेबात पक्कं असणारच, पारध्याचं पोर पळणारच. एकदा ही वाक्यं गोड वाटायला लागली की त्यांच्या पाठोपाठ येणारं कडू वाक्य थोपवायला आपल्या हातात काहीच उरत नाही.

आणि मी पाहिलेलं वेगळं होतं. थोरला पहाटे, इतर मुलं अंथरुणात असताना, पाझर तलावाच्या बांधावर जायचा. बांधावर मुरूम टाकलेला. जाताना संथ पळायचा, येताना जोरात. पावसाळ्यात बांध निसरडा झाला की मैदानाला चकरा मारायचा. त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याचा धाकटा भाऊ, त्याच आई-बापाचा, त्याच पालात वाढलेला, पळण्याच्या तासाला लिंबामागे लपायचा. त्याला चित्रं काढायला आवडतं. मोठ्याने हाक मारली तरी दचकतो. थोरला भांडणात पुढे, धाकटा भांडण दिसलं की वाट बदलणारा.

या दोन भावांकडे बघितलं तर रक्तवाल्यांचं आणि संस्कृतीवाल्यांचं, दोघांचंही गणित अडतं. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मा आनुवंशिक वाटा समान असतो, म्हणजे उरलेल्यात वेगळेपणाला भरपूर जागा असते. आणि एकाच घरात वाढलेल्या दोन मुलांना मिळणारं घरही सारखं नसतं. थोरला लहान असताना आई त्याला पाठीला बांधून भंगार वेचायची. धाकट्याच्या वेळी तिला वीटभट्टीवर काम मिळालं होतं आणि तो दिवसभर आजीपाशी असायचा. कोण कशामुळे कसा झाला, हे मला सांगता येत नाही आणि सांगण्याची गरजही वाटत नाही. एका जमातीचा एक स्वभाव असतो हे म्हणणं मात्र या दोघांना शेजारी उभं केलं की टिकत नाही.

कायद्याने काय मानलं होतं

स्टाफरूममधलं बोलणं हवेतून आलेलं नव्हतं. त्यामागे जवळजवळ ऐंशी वर्षं चाललेला कायदा आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, ज्याने अख्ख्या जमातींची नावं गुन्हेगार म्हणून यादीत घातली. हा कायदा रक्ताच्या सिद्धान्तावर उभा होता असं आपण समजतो. पण विधेयक मांडताना झालेला युक्तिवाद वाचला की वेगळंच दिसतं. त्याचा आशय असा: हिंदुस्थानात धंदा जातीने ठरतो, सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तेव्हा काही जमातींचा पिढीजात धंदा गुन्हा असणार आणि रूढीमुळे त्यांची मुलं तेच करणार. म्हणजे आजच्या भाषेत तो संस्कृतीचाच युक्तिवाद होता. माझ्या तरुण सहकाऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा तो गप्प बसला. रक्त नाकारलं की आपण सुटलो असं त्याला वाटत होतं, आणि सरकारने दीडशे वर्षांपूर्वी नेमका त्याचाच मुद्दा वापरून माणसांच्या याद्या केल्या होत्या.

पुढे १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांची मुलं आई-बापांपासून वेगळी काढून सुधारगृहवजा वसाहतीत ठेवण्याची सोय केली. यातली विसंगती बघा. गुन्हा पोराच्या हाडात असेल तर पोराला आईपासून तोडून काय मिळणार? आणि तोडल्याने पोर बदलत असेल, तर मग अख्खी जमात जन्मापासून गुन्हेगार कशी? कायदा दोन्ही बाजूंनी बोलत होता, कारण त्याला उत्तर नको होतं, ताबा हवा होता. १९११ मध्ये तो जवळपास सगळ्या ब्रिटिश मुलखाला लागू झाला, १९२४ मध्ये त्याची पुन्हा बांधणी झाली. हजेरी, बोटांचे ठसे, परवानगीशिवाय गाव सोडायची बंदी. आपल्या शेजारी सोलापूरला तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. तिथल्या आठवणी आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांनी त्यांच्या आई-बापांकडून ऐकलेल्या आहेत.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. म्हणून तो विमुक्त दिन, त्या यादीतून सुटलेल्या जमातींचा दिवस. आमच्या शाळेत १७ सप्टेंबरला, मराठवाडा १९४८ मध्ये निजामाच्या राजवटीतून सुटला त्या दिवशी, झेंडावंदन होतं, प्रभातफेरी निघते, मुलं भाषणं करतात. ३१ ऑगस्टला काय झालं हे स्टाफरूममध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. थोरल्याने पैसे घेतले ते या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत.

कायदा गेला, यादी राहिली. १९५९ चा मुंबईचा सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला आणि संशयाची सवय त्यातून पुढे चालत राहिली. फासेपारध्यांचं तर आणखी एक झालं. फासे लावून तितर, लावे, हरणं धरणं हा त्यांचा धंदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो बंद झाला. बंद व्हायलाच हवा होता, पण बदल्यात जमीन मिळाली नाही, काम मिळालं नाही, गायरानावर पाल टाकलं तर गाव उठवायला यायचं. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात तुरुंगातल्या जातीनुसार कामवाटपाला घटनाबाह्य ठरवलं, विमुक्त जमातींबद्दलच्या तुरुंग-नियमांतल्या भाषेवर बोट ठेवलं आणि या समाजातल्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असंही सांगितलं. निकाल २०२४ चा आहे, इतक्या उशिराचा.

मग जन्मजात काहीच नाही का

आहे. जन्मजात काहीच नसतं, पोर म्हणजे कोरी पाटी, असं मी मानत नाही. चौथी-पाचवीपर्यंत एकाच बाकावर बसलेली मुलं किती वेगळी निघतात हे शिक्षकाला सांगावं लागत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना नवे आवाज, नवी खेळणी दाखवून पाहिलं. साधारण पाचातलं एक बाळ लगेच हातपाय झाडत रडायचं, पाचातली दोन शांत राहायची. चार महिन्यांत संस्कार तरी किती होणार? आमचा धाकटा दचकतो तो कदाचित पहिल्या दिवसापासूनच दचकत असेल.

चोरीबद्दलसुद्धा एक अभ्यास आहे आणि तो माझ्या बाजूचा नाही असं वरवर वाटेल, म्हणून मुद्दाम देतो. १९८४ मध्ये सार्नॉफ मेडनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधल्या १४,४२७ दत्तक मुलांच्या नोंदी तपासल्या. दत्तक गेलेल्या मुलग्यांपैकी, जन्मदाते आणि दत्तक घेणारे पालक दोघांनाही कधी शिक्षा झाली नव्हती अशांत १३.५ टक्क्यांना पुढे शिक्षा झाली. फक्त पालकांना शिक्षा झालेली असेल तर १४.७ टक्के. फक्त जन्मदात्यांना झालेली असेल तर २० टक्के. दोघांनाही झालेली असेल तर २४.५ टक्के. जन्मदात्यांशी हा संबंध मालमत्तेच्या गुन्ह्यांत दिसला, हिंसक गुन्ह्यांत दिसला नाही.

गुरुजींना हे आकडे मी स्वतः दाखवले. ते म्हणाले, “बघा, मी म्हणत होतो.” मी म्हणालो, शेवटचा आकडा परत वाचा. जन्म देणारे शिक्षा झालेले, वाढवणारेही शिक्षा झालेले, आणि तरी चारातल्या तीन मुलग्यांना कधीच शिक्षा झाली नाही. जन्माचा काही कल असतो, तो खरा आहे. त्या कलाच्या जिवावर एखाद्या मुलाचं भविष्य सांगायला गेलात तर बहुतेक वेळा तोंडघशी पडाल. शिवाय हा अभ्यास एका देशातल्या घराघरांतला फरक सांगतो. एक जमात दुसरीपेक्षा का वेगळी, याबद्दल तो काहीही सांगत नाही.

हा शेवटचा मुद्दा जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी बियाण्याचं उदाहरण घेऊन मांडला होता, आणि मराठवाड्यात तो मांडायला फार सोपा आहे. मालदांडी ज्वारीचं एकच पोतं घ्या. अर्धं मांजराकाठच्या काळ्या भारी रानात पेरा, अर्धं बालाघाटाच्या मुरमाड बरडावर. काळ्या रानात एक ताट उंच, एक बुटकं, हा फरक बियाण्याचा असू शकतो, कारण माती सगळ्यांना सारखी मिळाली. बरडावरही तसंच. पण काळ्या रानातली ज्वारी बरडावरच्या ज्वारीपेक्षा कंबरभर उंच आली तर तो दोष बियाण्याला देणारा शेतकरी मला दाखवा. गुरुजींचीही शेती आहे. या उदाहरणावर ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी मानही हलवली नाही.

आणि जन्मजात म्हणून जे सगळ्यात ठळकपणे सांगता येतं, ते या दोन मुलांत सारखंच होतं. गुन्ह्यांचं प्रमाण वयानुसार मांडलं तर ते किशोरवयात चढतं आणि विशीनंतर उतरत जातं, हा आकार वेगवेगळ्या देशांत दिसलेला आहे. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलं की या वयात वाट चुकणाऱ्या मुलांतली बहुतेक मुलं वयाबरोबर सावरतात, कायम तसंच वागणारी मोजकी असतात. म्हणजे जुलैत जे म्हटलं गेलं, “वय आहे”, ते अगदी बरोबर होतं. या दोन्ही चोऱ्यांचं तेच सगळ्यात भक्कम स्पष्टीकरण आहे. ते एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाकारलं, एवढंच चुकलं. हवीशी वस्तू समोर दिसली की पुढचं न सुचणं, चारचौघांत आपण कमी दिसू नये म्हणून जीव टाकणं, हा माणसाचा स्वभाव आहे. तो बागायतदाराच्या वाड्यातही उपजतो आणि पालातही.

आपण मुलाला काय म्हणतो याने त्याच्यात काय होतं, याचाही पुरावा आपल्याच देशात आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या ६४२ मुलग्यांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. निम्मे उच्च मानल्या गेलेल्या जातींचे, निम्मे खालच्या मानल्या गेलेल्या. जात जाहीर केली नाही तेव्हा दोन्ही गट बरोबरीने सोडवत होते. सगळ्यांसमोर नाव, गाव, जात वाचून दाखवली की दलित मुलांची कामगिरी घसरली. मुलं तीच, कोडी तीच. बदलली ती फक्त खोलीतली हवा. स्टाफरूमच्या दाराबाहेर चहाची भांडी उचलायला आलेला थोरला आमचं बोलणं ऐकत होता का, हे मी त्याला विचारलं नाही. पण त्यानंतर बरेच दिवस तो पहाटे बांधावर गेला नाही.

आजी

‘त्यांच्यात चोरीला चोरी मानत नाहीत’ या वाक्याला उत्तर आजीने दिलं. बाप वीटभट्टीवर लांब होता, म्हणून ती आली. गायरानापासून चालत. ऑफिसात खुर्ची दिली तर बसली नाही, भिंतीला टेकून खाली बसली. चंचीतून घड्या घातलेल्या नोटा काढल्या, वीसाच्या, दहाच्या, एक शंभराची. तीनशे भरल्या. त्या तिने दोनदा मोजून माझ्यापुढे ठेवल्या.

मग म्हणाली, “भुकंपायी कोणाच्या रानातली कणसं मोडली आसतील आमी, सर. मी न्हाई म्हणत न्हाई. पर दुसऱ्या लेकराच्या डोळ्याचं पैसं? ह्ये आमच्यात बी पापच हाय.”

“आजी, त्याला मारू नका,” मी म्हणालो.

“मारून काय व्हतंय? तुमी बूट इका. ऱ्हायलेलं मी बाजारापत्तोर दीन.”

आणि नातवाकडे वळून ती त्यांच्या बोलीत, गुजरातीशी नातं सांगणाऱ्या पारधी बोलीत, काहीतरी बोलली. मला ते कळलं नाही. थोरला उठला आणि चष्मावाल्या मुलापुढे जाऊन उभा राहिला.

मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड ब्राउन यांनी १९९१ मध्ये जगातल्या सगळ्या माहीत असलेल्या समाजांत सापडणाऱ्या गोष्टींची यादी केली. मालमत्तेची कल्पना त्यात आहे, देण्याघेण्याची परतफेड आहे, बरं-वाईट ओळखणं आहे. भुकेची चोरी आणि गरिबाच्या पोराची चोरी यात आजीने जो फरक केला तो आमच्या स्टाफरूममध्ये झाला नव्हता. मी वर म्हटलं तसं, त्या चष्म्याचा विचार आमच्यापैकी कुणीच मोठ्याने केला नव्हता. नैतिकता कुणाची संस्कृती आहे आणि कुणाची नाही, हे ठरवण्याआधी माणसं एकदा त्या आजीसमोर बसायला हवी होती.

दहावीच्या एका मुलाने बूट सहाशेला घेतले. नऊशे पूर्ण झाले, चष्मा त्याच आठवड्यात आला.

दाखला

मुख्याध्यापकांचा पहिला विचार थोरल्याला दाखला देऊन मोकळं व्हायचा होता. दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा रकाना असतो. त्यात ‘चांगली’ऐवजी दुसरं काही लिहिलं की ते पोराबरोबर पुढच्या प्रत्येक शाळेत जातं, आणि पारध्याच्या पोराच्या दाखल्यावर तसा शेरा असेल तर पुढचा मुख्याध्यापक काय करील हे सांगायला नको. याद्या अशाच तयार होतात, फार मोठ्या कायद्याची गरज लागत नाही.

मी दोन गोष्टी लेखी दिल्या. एक, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. दोन, नोंद करायची तर दोन्ही चोऱ्यांची करा, एकाच नमुन्यात: काय घेतलं, किती घेतलं, परत आलं का. जात, वस्ती, बाप काय करतो, यातलं काही नको.

दुसऱ्या मुद्द्यावर बैठक तापली. बागायतदार गृहस्थ जीप घेऊन पुन्हा आले आणि म्हणाले, “माझ्या पोराचं नाव त्याच्या संगं एका रजिस्टरात?” त्यांचं वजन मोठं. शेवटी ठरलं की दोघांचीही नोंद नको. मला दोघांची हवी होती, कारण लिहिलेली गोष्ट समोर ठेवून दोघांशी बोलता आलं असतं. पण थोरल्याचा दाखला त्यामुळे स्वच्छ राहिला, हेही खरं. त्याला वाचवलं ते न्यायाने नव्हे, दुसऱ्याच्या प्रतिष्ठेने. हे मला अजून खटकतं.

तालुक्याला तो अनवाणी पळाला आणि तिसरा आला. पहिल्या दोघांच्या पायात बूट होते. त्या तिसऱ्या क्रमांकाचं कारण कुणी रक्तात शोधलं नाही. नववीला तो याच शाळेत आहे. आता कलम १६ त्याच्या पाठीशी नाही, आणि काही हरवलं तर दाखल्याचा विषय परत निघेल हे मी धरून चाललो आहे. जूनमध्ये शाळेला दोन जोड बूट मिळाले, ते मैदानाच्या खोलीत ठेवले आहेत, ज्याची शर्यत असेल त्याने घालायचे.

त्रास झाला तो धाकट्याला. त्याने कुणाचं काही घेतलं नव्हतं. तरी त्या वर्षभर पेन हरवलं, कंपास हरवला, साबण हरवला, की पहिली पेटी उघडली जायची ती त्याची. तो स्वतःच पेटी ओढून आणून मधोमध ठेवायला लागला होता, कुणी सांगायच्या आधी. त्यात चित्रांची वही, एक टॉवेल आणि शिसपेन्सिली. या जूनपासून अधीक्षकांनी माझ्या आग्रहावरून नियम केला आहे: काही हरवलं तर खोलीतल्या सगळ्या पेट्या उघडायच्या, नाहीतर एकही नाही, आणि सुरुवात दारापासून करायची. नियम भिंतीवर लावला आहे. अधीक्षक तो पाळतात. रात्रपाळीचे कामाठी नवीन आहेत, त्यांना तो आठवडाभरात दोनदा समजावून सांगावा लागला.